‘बायकांचा धंदा पापडापुरता’ : एका फॉरवर्डचं ऑडिट

गेल्या आठवड्यात सकाळी सहाच्या सुमारास, सुप्रभातच्या गुलाबांच्या मागोमाग, आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड पडला. वर ‘कटू पण सत्य’, खाली जोडलेले हात. दुपारी तोच शाळेच्या ग्रुपवर दिसला, मग सासुरवाडीच्या, आणि संध्याकाळी एका गिऱ्हाइकाने ‘वाचा, पटतंय का बघा’ म्हणून मला वेगळा पाठवला. म्हणजे माल बराच फिरलाय.

ज्यांच्या फोनवर अजून आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. महिला उद्योजक, महिला नेतृत्व हा सगळा ८ मार्चचा देखावा. बायकांचा धंदा पापड-लोणच्यापलीकडे जात नाही. जातो तिथे तो नवरा चालवतो, बाई नुसती सहीला. तरी सरकार आणि बँका त्यांना पैसे वाटत सुटल्यात. हिशोब आणि जोखीम बाईच्या रक्तात नाही, म्हणून तर महिला बँकसुद्धा बुडाली. यंत्राची, डोक्याची मोठी कामं पुरुषच करतात, आणि वर पोचलेल्या चार बायका या श्रीमंतांच्या लेकी-सुना. शेवटी, ठरल्याप्रमाणे, बाई धंद्याला लागली की घराची बरकत जाते.

माझं लालबागला छोटं ऑफिस आहे. गुमास्ता (म्हणजे दुकानाची सरकारी नोंदणी), जीएसटी, रिटर्न, कर्जाच्या फायली. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या उपसतोय, त्यामुळे पाटीवर नाव कुणाचं आणि दुकान कोण ओढतंय, एवढं कळतं. ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं आणि अंगठा दुखून आला, म्हणून हे सविस्तर. एक आधीच सांगतो, फॉरवर्डमधलं सगळं खोटं नाही. एका मुद्द्याला तर लिहिणाऱ्याकडे नसतील इतके पुरावे माझ्या कपाटात आहेत. तो मुद्दा आला की कबुली देईन.

‘बायकांचा धंदा पापड-लोणच्यापलीकडे जात नाही.’

जाऊ दे, पापडच घेऊ, लिज्जतचा. १५ मार्च १९५९, गिरगावातल्या लोहाणा निवासाची गच्ची. सात जणी, छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने आणलेले ८० रुपये, आणि पहिल्या दिवसाचा माल चार पाकिटं. तो भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकला. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तोवर लिज्जतच्या सभासद भगिनी ४५,००० वर गेल्या होत्या आणि उलाढाल १६०० कोटींच्या घरात. कपड्यांचा ‘ससा’ साबणही त्यांचाच, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

पण आकडा राहू दे, मला त्यांची रचना आवडते. पीठ शाखेत मळायचं. बाईने वजन करून घरी न्यायचं, लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचं आणि लाटणावळ घेऊन जायचं. कारखान्याला जागा किती लागली? मळण्यापुरती आणि पॅकिंगपुरती. मुंबईत ज्याने जागेचं भाडं वाचवलं त्याने अर्धी लढाई मारली. लाटणारी प्रत्येक जण सभासद, म्हणजे मालकीण, नफा-तोटा सगळ्यांचा. पुरुषाला सभासद होता येत नाही, तो ड्रायव्हर किंवा हिशोबनीस म्हणून पगारावर. देणगी घ्यायची नाही, हे सुरुवातीलाच ठरलेलं. आज मुलं ह्याच रचनेला ॲप चिकटवून गुंतवणूकदारांपुढे उभी राहतात आणि त्याला मोठं डोकं म्हणतात. (पापडाला जीएसटी शून्य आहे, हे आपलं मला चिकटलेलं पालुपद. दर महिन्याला कुणीतरी विचारतंच.)

फरसाण विकणारा शेठ ‘फूड लाइन’मध्ये असतो आणि पापड विकणारी बाई ‘संसाराला हातभार’ लावते. माल तोच, डाळ, तेल आणि मीठ. खातं मात्र वेगळं उघडलं जातं, आणि माझं भांडण त्या खात्याशी आहे.

लालबागेत बसून खाणावळीचं नाव न घेणं म्हणजे कृतघ्नपणा. गिरणीत कामाला आलेले कोकणातले, घाटावरचे पुरुष बायका-पोरं गावी ठेवून एका खोलीत दहा-बारा जण राहायचे. पाळीप्रमाणे निजायचे आणि जेवायचे खाणावळीत. माझ्या आत्याची परळला चाळीत अशी खाणावळ होती, चौदा जणांची. तिची वही माझ्याकडे आहे. आत्या सहीपुरती शिकलेली, त्यामुळे वहीत अक्षरं कमी, खुणा जास्त. उभी रेघ म्हणजे एक दिवस. आडवी फुली म्हणजे खाडा, म्हणजे माणूस त्या दिवशी जेवला नाही, पैसे कापायचे. गोल काढला की जादा अंडं. गणपतीला आणि शिमग्याला पानंच्या पानं फुल्यांनी भरलेली, सगळे गावाला.

आता माझ्या धंद्याच्या भाषेत बघा. चौदा जणांकडून महिन्याची उधारी, ती पगाराच्या दिवशीच वसूल होणार. वाण्याकडून तांदूळ-गोडेतेल उधारीवर, त्याला थांबायची सवय नाही. मधली दरी भरायला मंगळसूत्र सावकाराकडे. ह्याला आम्ही वर्किंग कॅपिटल म्हणतो आणि त्याची फाइल करायचे पैसे घेतो. आत्या ते मनात करायची. तिला कुणी व्यापारी म्हटलं नाही. जनगणनेवाला आला तेव्हा आतोबांनी ‘घरकाम’ सांगितलं असणार, माझी खात्री आहे.

ह्याच बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गोव्याच्या मुक्तिलढ्यात पायात गोळी खाल्लेली ही बाई, कामगार चळवळीत वाढलेली. तिने हेरलं की खाणावळवाली कष्टाला कमी पडत नाही, ती सावकाराच्या व्याजात बुडते. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ साली झालं होतं. मग बँकेचं कर्ज मिल मालकालाच का? एकमेकींच्या हमीवर खाणावळवाल्यांना बँकेची दारं उघडून दिली. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आत्याच्या वहीत त्या फेब्रुवारीनंतर बाकी आहे, जमा नाही. उभ्या रेघा मात्र थांबलेल्या नाहीत. ती जेवायला घालत राहिली.

धंदा म्हणून हा बुडीत खात्याचा कळस आहे, मी गिऱ्हाइकाला असा सल्ला देणार नाही. पण त्या वर्षी गिरणगावात बुडीत खातं कुणाचं नव्हतं?

‘नवरा चालवतो, बाई नुसती सहीला.’

हाच तो मुद्दा. खरं आहे. माझ्या कपाटात बाईच्या नावाच्या ज्या फायली आहेत, त्यांतल्या कितीतरींची मालकीण मी पाहिलेलीच नाही. सहीचे कागद घरी जातात, सही होऊन येतात. कारणं? नवऱ्याचं जुनं जीएसटी रद्द झालेलं. नवऱ्याचं कर्ज थकलेलं, म्हणून नवी फर्म तिच्या नावावर. कुठे महिलांसाठी राखीव एजन्सी. फ्लॅट तिच्या नावावर, कारण २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट. काही जण टॅक्स वाटून घेण्यासाठी येतात. त्यांना मी सांगतो, बाबा, तू दिलेल्या भांडवलावर बायकोच्या नावाने कमावलंस तर आयकरवाले ते तुझ्याच उत्पन्नात धरतात. ते हसतात आणि दुसऱ्या अकाउंटंटकडे जातात.

आता एवढी फसवाफसवी कोण करतंय? ह्यातली एकही फाइल बाई घेऊन आलेली नाही. नाव वापरणारा पुरुष, फायदा घेणारा पुरुष आणि ‘बायका काय, नावापुरत्या’ असा फॉरवर्ड पाठवणाराही बहुधा त्याचाच भाऊबंद. चोराने पंचनाम्यात घरमालकावर ठपका ठेवण्यातला प्रकार आहे हा.

वरच्या मजल्यावरही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना संचालक मंडळात निदान एक बाई घ्यायला लावली, तेव्हा दलाल स्ट्रीटवर बऱ्याच प्रवर्तकांना अचानक आपल्या पत्नीचे गुण दिसू लागले. शेवटी सेबीला, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेला, सांगावं लागलं की बाई ‘स्वतंत्र’ संचालक हवी, म्हणजे घरातली नको. पाचशे मोठ्या कंपन्यांना एप्रिल २०१९ पासून, हजारांना एप्रिल २०२० पासून. महापालिकेचंही तसंच. २०१२ च्या निवडणुकीत पन्नास टक्के आरक्षणाने २२७ पैकी ११४ जागा महिलांना गेल्या आणि आमच्याकडे बॅनरवर नगरसेविकेचा फोटो पासपोर्टएवढा, तिच्या ‘साहेबां’चा दारएवढा. पाण्याच्या तक्रारीला गेलं की साहेबच भेटायचे. सगळीकडे असं नव्हतं, आणि काही बायका पुढच्या खेपेला स्वतः टेबल ठोकून बोलताना मी पाहिल्यात, पण फोटोचं प्रमाण मी विसरलेलो नाही.

ह्या नाण्याची दुसरी बाजू मात्र फॉरवर्डमध्ये नाही. परळ नाक्याजवळ एक पोळी-भाजी केंद्र आहे, नाव सांगत नाही. पाटीवर ‘प्रो.’, म्हणजे प्रोप्रायटर, मालक म्हणून काकांचं नाव. मावशी पहाटे चारला उठतात. रोजच्या सहाशे पोळ्या, म्हणजे वीसेक किलो कणीक, हाताखाली चार बायका. मध्यंतरी त्यांचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करायचं होतं. संध्याकाळी आल्या, पदराला हात पुसत खुर्चीच्या कडेवर टेकल्या. काका शेजारी. मी फॉर्म उघडला आणि सवयीने विचारलं, “मालक काकाच ना?”

“मालक हेच,” मावशी म्हणाल्या. “धंदा माझा.”

काकांनी मान डोलावली. त्यात त्यांना काही खटकलं नाही, मावशींनाही नाही. भाव कोण ठरवतं? मावशी. बायका कोण ठेवतं? मावशी. कमर्शियल सिलिंडर किती दिवस पुरतो? मावशींनी दिवस सांगितले, वर पावसाळ्यात एक दिवस कमी हेही सांगितलं, कणीक गार पडते म्हणून. काका बँकेतून निवृत्त झाल्यापासून सहा ते आठ गल्ल्यावर बसतात. बस्स. आणि सरकारच्या मोजणीत हा उद्योग काकांचा.

सहाव्या आर्थिक गणनेत, म्हणजे २०१३-१४ ला, देशातल्या ५ कोटी ८५ लाख आस्थापनांपैकी बायकांच्या मालकीच्या ८० लाखांच्या थोड्या वर निघाल्या. १३.७६ टक्के. हा आकडा फॉरवर्डवाले ‘बघा, एवढ्याच’ म्हणून दाखवतात. मावशींसारख्या किती जणी त्या उरलेल्या ८६ टक्क्यांत काकांच्या नावाखाली दडल्यात, ते कुणी मोजलेलं नाही. माझ्या कपाटावरून अंदाज विचाराल तर बाईच्या नावाने नवरा चालवतो त्या फायलींपेक्षा नवऱ्याच्या नावाने बाई चालवते त्या जास्त भरतील. आणि ती नावं तशी पडली त्यात माझाही हात आहे. गुमास्त्यावर नाव कुणाचं, हे बावीस वर्षांत मी किती जोडप्यांना विचारलं? नवऱ्याकडे बघून टाइप करायला लागायचं, हीच रीत.

‘बँका बायकांना पैसे वाटतात.’

त्याच गणनेत आणखी एक आकडा आहे. बायकांच्या मालकीच्या आस्थापनांपैकी ७९ टक्के स्वतःच्या पैशावर उभ्या. म्हणजे दागिने, भिशी, माहेर, साठवलेलं. वाटप कुठे झालं? छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा कर्जाच्या खातेदारांत दोन-तृतीयांश बायका आहेत, खरं आहे, पण त्यात गर्दी ‘शिशु’ गटाची, मर्यादा ५०,००० रुपये. पन्नास हजारांत लालबागला गाळ्याचं डिपॉझिट सोडा, एक बरी पिको-ओव्हरलॉक मशीन आणि टेबल आलं की संपलं. लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांना धंद्याचं भांडवल म्हणणाऱ्याने कधी दुकान उघडलेलं नसतं, एवढंच म्हणतो.

मोठं कर्ज मागायला गेलं की काय होतं ते सांगतो. एक ताई चिंचपोकळीला ब्लाउज शिवण्याचा कारखाना चालवतात. पाच मशीन, पाच कारागीर, दादरच्या तीन दुकानांचं काम. तीन वर्षांची रिटर्न तिच्या नावावर, स्वच्छ, मीच भरलेली. कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे धंद्याला लागेल तसं उचलायच्या कर्जासाठी, एका बँकेत गेलो. साहेबांनी फाइल उघडायच्या आधी विचारलं, “मिस्टर नाही आले?” मिस्टर बेस्टमध्ये ड्यूटीवर होते. “त्यांना घेऊन या.” दुसऱ्या वेळी तारण. राहती खोली पागडीची, म्हणजे जुन्या भाडेकरारावरची, सासऱ्यांच्या नावावर. पागडीची खोली बँक तारण घेत नाही. तिसऱ्या वेळी जामीनदार. ताईंनी भावाला आणलं. भावाचं उत्पन्न तिच्या निम्म्याने, पण साहेबांचा चेहरा खुलला. फाइल पुढे सरकली.

तारणाची गोष्ट जरा खोल आहे. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा वाटा दिला, देशाने २००५ ला. कागदावर ताईंचा गावच्या जमिनीत हिस्सा होता. होता, कारण वडील गेल्यावर बाराव्या-तेराव्याच्या आसपास तिने हक्कसोडपत्रावर सही केली. भावाशी संबंध राहावेत म्हणून. माहेरची वाट राहावी म्हणून. बहुतेक जणी करतात, आणि न करणाऱ्या बहिणीला गाव काय म्हणतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मग तोच भाऊ दहा वर्षांनी जामीनदार म्हणून येतो आणि सगळे म्हणतात, बघा, भाऊ उभा राहिला.

‘हिशोब आणि जोखीम बाईच्या रक्तात नाही. महिला बँक बुडाली.’

भारतीय महिला बँक १९ नोव्हेंबर २०१३ ला इथे मुंबईतच सुरू झाली. बुडाली नाही, १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. त्याच दिवशी बिकानेर-जयपूर, हैदराबाद, म्हैसूर, पतियाळा आणि त्रावणकोर ह्या पाच सहयोगी बँकाही विलीन झाल्या. म्हैसूरवाल्यांना हिशोब येत नाही, असा फॉरवर्ड मला आला नाही. आणि ह्या सहा बँका पोटात घेणाऱ्या स्टेट बँकेच्या अध्यक्ष तेव्हा कोण होत्या? अरुंधती भट्टाचार्य.

फॉरवर्डमध्ये एका मोठ्या खाजगी बँकेच्या महिला प्रमुखांना पद सोडावं लागलं, त्याचाही उल्लेख आहे. घडलं ते घडलं. पण १९९२ चा शेअर घोटाळा झाला, त्यात पुरुषांची रांग होती, म्हणून पुरुषांनी शेअर बाजारात पाऊल ठेवू नये असं कुणी म्हणालं? तो घोटाळा चव्हाट्यावर आणणारी पत्रकार मात्र बाई होती, सुचेता दलाल. बँकांच्या पावत्यांचा गुंता, जो भल्याभल्यांना उमगला नाही, तो तिने सोडवला.

हिशोबाचा आणखी एक दाखला. मुंबईत वाढलेल्या चेतना गाला सिन्हा लग्नानंतर साताऱ्यातल्या म्हसवडला गेल्या. तिथल्या बायकांसाठी बँक काढायची ठरली, तर रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. प्रवर्तक निरक्षर, कागदावर अंगठे. बायका वर्गात बसल्या, पुन्हा अर्ज घेऊन गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, वाचता येत नाही, पण मोजता येतं. मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ ला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हे वाचलं तेव्हा मला आत्याच्या फुल्या आठवल्या.

आणि जोखीम? १८७५ साली बांधलेल्या ससून डॉकला एकदा उजाडायच्या आत जा. चप्पल जुनी घाला. बोटीतून माल उतरला की ढीग पडतात, लिलाव सुरू होतो. कोळीण ढिगाकडे एक नजर टाकते, वरचं पापलेट उचलून कल्ला उघडते, खालचा माल कसा असेल ते मनात धरते आणि बोली लावते. पाच-सात सेकंद. चुकली तर परत घ्यायला कुणी नाही. मग बर्फ, टेम्पो, मंडईतली जागा, आणि दुपारी बारानंतर पापलेटचा भाव कुणाच्या बापाचं ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच, कालचा तोटा कमरेच्या पिशवीत घेऊन. होडी घरच्या पुरुषाची असली तरी विक्री आणि रोकड तिच्याकडे, ही कोळीवाड्यातली जुनी व्यवस्था आहे. आमच्यात दिवसाच्या पहिल्या विक्रीला ‘भवानी’ म्हणतात. तिच्याकडे भवानी करताना घासाघीस करून बघा एकदा, जोखीम कुणाच्या रक्तात आहे ते कळेल.

‘यंत्राची, डोक्याची मोठी कामं पुरुषच करतात.’

ह्यावर फार वेळ घालवत नाही. कफ परेडपासून आरेपर्यंत जी भुयारी मेट्रो धावते, साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं, तिच्या कामाचं नेतृत्व अश्विनी भिडे यांनी केलं. ह्या मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडली तेव्हा, २०१९ ला, मी त्यांच्यावर चिडलो होतो, अजूनही त्या रात्रीबद्दल माझं मत बदललेलं नाही. मधे सरकार बदललं, त्यांची बदली झाली, पुन्हा आणल्या गेल्या. काम पूर्ण झालं. बाई म्हणून कौतुक करायची गरज नाही, अधिकारी म्हणून जे श्रेय आणि जो राग असायचा तो असू द्या. माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर केईएम. तिथे ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ ला आईच्या दुधाची बँक सुरू केली, आशियातली पहिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दुसऱ्या आयांचं दूध, म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात. आणि इंजिनाचं म्हणाल तर साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून वंदे भारत सीएसएमटीला आणली. ते त्यांचं पहिलं इंजिन थोडंच होतं? तीस वर्षांहून जास्त नोकरी झाली होती.

‘वर पोचलेल्या त्या श्रीमंतांच्या लेकी-सुना.’

काही आहेत. सुमती मोरारजी सिंदिया जहाज कंपनीच्या घरातल्या सून. १९५६ साली जहाजमालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या अध्यक्ष झाल्या, १९७१ ला पद्मविभूषण. सासर नसतं तर बोटीच्या धंद्यात त्यांना कुणी पाऊल ठेवू दिलं नसतं, मान्य. पण वडिलांची पेढी चालवणाऱ्या मुलाला आपण ‘घराणं पुढे नेलं’ म्हणतो. सुनेने नेलं की वशिला. पुन्हा तेच, खातं वेगळं.

फाल्गुनी नायर यांनी बड्या बँकेतली मोठी खुर्ची पन्नाशीच्या उंबरठ्यावर सोडून २०१२ ला मुंबईत नायका सुरू केली, नोव्हेंबर २०२१ ला कंपनी शेअर बाजारात आली. त्यांच्याकडे ओळखी आणि पैसा होता, हेही कबूल. मग कल्पना सरोज यांचं काय करायचं? अकोला जिल्ह्यातल्या दलित कुटुंबातली मुलगी, बाराव्या वर्षी लग्न, सासरचा छळ, मग मुंबईत येऊन शिवणकाम. कुर्ल्याची कामानी ट्यूब्ज ही कामगारांच्या हाती येऊनही आजारी पडलेली कंपनी, शंभर कोटींच्या वर देणी, कोर्टात खटल्यांचा ढीग. कामगारच त्यांच्याकडे गेले. २००६ ला त्या अध्यक्ष झाल्या, बँकांशी बोलून दंड-व्याज कमी करून घेतलं, कारखाना वाडा तालुक्यात हलवला. २०१३ ला पद्मश्री. तोट्यातल्या कंपनीची वही मी पाहिलेली आहे, छोट्या कंपनीची. रात्री झोप येत नाही. शंभर कोटींची कशी वाचतात, मला माहीत नाही.

राहिली बरकत. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २८९ मिनिटं निघाली, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. पोळी-भाजीवाल्या मावशी सहाशे पोळ्या करून घरी गेल्या की काकांसाठी आणखी सहा लाटतात, गरम लागतात म्हणून. बरकत कुठून गळते ते ह्या हिशोबात मला सापडलं नाही. सापडलं तर कळवतो.

उत्तर बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकल्यावर फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांचा अंगठा आला, आणि खाली ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’. दोन वहिन्यांनी मात्र वेगळा मेसेज करून विचारलं, नवऱ्याच्या नावावरचा धंदा आपल्या नावावर करता येतो का. सगळ्यांनाच उपयोगी पडेल म्हणून इथे लिहितो. प्रोप्रायटरशिपमध्ये नुसतं नाव बदलत नाही, कारण जीएसटी पॅनवर असतं. तुमच्या पॅनवर नवं जीएसटी काढावं लागेल, जुना स्टॉक रीतसर बिलाने घ्यायचा, चालू खातं नवं, उद्यम नवं. खाद्यपदार्थ असतील तर फूड लायसन्सही. हाताखाली वीसपेक्षा कमी माणसं असतील तर गुमास्त्याला नुसती ऑनलाइन सूचना पुरते. जागेचं लाइट बिल आणि जागामालकाचं संमतीपत्र लागेल, ते घरचेच असले तरी लेखी घ्या. १ एप्रिलपासून सुरू केलंत तर हिशोब सुटसुटीत पडतो, म्हणून कागद फेब्रुवारीत आणा. मार्चमध्ये मी कुणाचा फोन उचलत नाही.